अभंगलोहाची बाजू

शहाऐंशी सालच्या श्रावणात 'दूरबीन' साप्ताहिकातल्या गोष्टीच्या बावन्नाव्या भागात तेजशूळानं अभंगलोहाची भिंत कापली, आणि इकडे पूर्णेत चतुराबाई पांचाळ चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

तेजशूळही खरा नव्हता आणि अभंगलोहही. टाकळकर नावाच्या लेखकानं दोन्ही कागदावर घडवलेले. तेजशूळ म्हणजे उजेडाचा भाला. दुरून रोखला की डोंगराला आरपार भोक पाडणारा. अभंगलोह म्हणजे दुसऱ्या एका ग्रहावरचा धातू, ज्याचा सगळा गड बांधलेला. तेजशूळवाल्यांनी त्या गडाला वेढा घातला होता आणि वर्षभर दर आठवड्याला तो वेढा चालू होता. हे सगळं मनचं आहे हे चतुराबाईला पक्कं ठाऊक होतं. तिचा राग वेगळाच होता. सातव्या भागात टाकळकरांनीच लिहिलं होतं, की अभंगलोहाचा गोळा सूर्याच्या पोटात बुडवून काढला तरी त्याला लाली चढली नाही. आणि बावन्नाव्या भागात तोच धातू, लोण्यातून सुरी जावी तसा कापला गेला. कसा, ते एका अक्षरानं सांगितलेलं नव्हतं.

"खोटं लिवलं त्येचा राग न्हाई," ती पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. "पर खोट्यालाबी जबान आसती का न्हाई? एकदा बोलला की न्हाई कापत, मग न्हाई कापत."

चतुराबाई हे बोलत होती ती लोखंड कापता कापता. वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मूळ दुकान नवऱ्याचं, चंद्रभानचं. तरणेपणी काळी काच न लावता ठिणगीकडं बघायची त्याला खोड. पस्तिशी उलटली आणि डोळ्यांनी साथ सोडली. समोर माणूस उभं राहिलं तर सावली हलल्यासारखी दिसायची, एवढंच. भावकीनं दुकान मोडायचा सल्ला दिला. चतुराबाईनं साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवला, डोळ्यांवर काळा चष्मा लावला आणि लोखंड कापायची गॅसची टॉर्च हातात घेतली. चंद्रभान बाजूला पाटावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "ज्योत फडफडायलीय, कार्बाईड संपत आलं बग," नाहीतर, "घाई करायलीस, आजून लाल न्हाई झालं." दोन वर्षांत त्याला सांगायची गरज उरली नाही. तरी तो सांगायचा आणि तीही ऐकून घ्यायची.

गिऱ्हाईक यायचं, नांगराचा फाळ नाहीतर ट्रॉलीचा तुटलेला हूक खाली ठेवायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुटं गेले?"

"तुमच्या म्होरं हाय," चतुराबाई म्हणायची. काही जण हसून काम द्यायचे. काही जण हूक उचलून परत न्यायचे. गेलेल्यांची नावं ती विसरत नसे.

वाचायला ती उशिरा शिकली. अठ्ठ्याहत्तर सालानंतर गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले तेव्हा बायकांचा वर्ग दुपारी समाजमंदिरात भरायचा. शिकवायला पंचफुलाबाई यायच्या, भीमनगरातल्या. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा जिल्हा तापलेला. पंचफुलाबाईंच्या वर्गाला आपल्या बाया धाडायच्या नाहीत असं गल्लीतल्या पाच-सात घरांनी ठरवून टाकलं. चतुराबाईला हे सांगायला जे आले त्यांना ती म्हणाली, "मला अक्षर शिकायचंय. तुमच्यातलं कोन शिकवतंय? न्हाई ना? मग सरका." आणि गेली. दीड वर्षात ती वर्तमानपत्र वाचू लागली.

बुधवारी त्या भागात वीज बंद असायची. आर्क वेल्डिंगचं काम थांबायचं, दुपार मोकळी मिळायची. तेव्हा ती वाचनालयातून 'दूरबीन' आणायची आणि चंद्रभानला मोठ्यानं वाचून दाखवायची. राजकारण, पाकक्रिया, कोडी, सगळं. पण दोघांचा जीव अडकला तो टाकळकरांच्या गोष्टीत. चंद्रभान पहिल्या भागापासून तेजशूळाच्या बाजूचा झाला. आयुष्यभर ज्योतीनं लोखंड कापलेला माणूस, त्याला ज्योतीचाच अभिमान. चतुराबाईनं धातूची बाजू घेतली.

"ज्योत मोटी केली की दुनियेत काय बी कापतंय," तो म्हणायचा.

"तांबं कापलंत का कदी?"

"तांब्याची गोष्ट न्यारी."

"न्यारी कामून? तीच तर गोष्ट हाय. लोखंड कापतंय ते कशानं? आदी लाल करायचं, मग ऑक्सिजन सोडायचा, की लोखंड सोताच जळतंय. आपुन कापत न्हाई, त्येला जाळतो. तांबं जळतच न्हाई. वरून आग दिली की तिकडल्या टोकाला पळवतंय. बीड घ्या, वतीव लोखंड. बीड कापाया गेलं की नुसतं चिघळतंय. भांड्याचं स्टील तर वरती पापुद्रा धरतंय आन ज्योतीला आत येऊच देत न्हाई. मग आग किती मोटी हे कामून इचारायचं? धातू आगीचं काय करतो, हे इचारायचं."

चंद्रभान तेवढ्यानं हटायचा नाही. मग म्हणायचा, "पर तेजशूळ आग न्हाई. उजेड हाय."

"उजेडबी अंगावर पडला की गरमच करतोय की. दुसरं काय करतोय?"

असं वर्षभर चाललं. विसाव्या भागात बारा तेजशूळ एकाच जागी रोखले गेले तेव्हा चंद्रभाननं मांडीवर थाप मारली. पुढच्या बुधवारी गड तसाच उभा निघाला आणि चतुराबाईनं वाचता वाचता आवाज जरा चढवला. चाळिसाव्या भागाच्या सुमाराला तिला एक गोष्ट सुचली आणि ती सुचल्यावर तिला झोपाळ्यावर बसल्यासारखं हलकं वाटलं. "अवं, गड न्हाई कापणार," ती म्हणाली, "पर आतल्या मान्साचं काय? तवा फुटत न्हाई, तरी भाकर भाजतीच. बाहेरून इतका उजेड वतायलेत, ती गरमी भिंतीतून आत जानार. गड जसाच्या तसा आन मान्सं आपल्या पायानं बाहेर. टाकळकर ह्येच लिवनार बगा."

चंद्रभानला हे इतकं पटलं, की त्यानं आपली बाजू जवळपास सोडलीच. दोघंही शेवटाची वाट बघू लागले.

आणि शेवट आला तो लोण्यातल्या सुरीचा. चतुराबाई वाचून थांबली. चंद्रभान जिंकला होता, पण त्याचं तोंड उतरलं. "ह्येला मी जितलो म्हनू का?" तो म्हणाला. "आसलं जितनं नको मला."

मग तिनं पत्र लिहिलं. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी. त्यात सातव्या भागातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. लोखंड, तांबं, बीड आणि स्टील ज्योतीखाली काय करतं ते लिहिलं. तेजशूळ श्रेष्ठ की अभंगलोह, याचा फैसला लेखकाला करायचा असेल तर करावा, पण आधी घातलेली अट मोडून करू नये, असं लिहिलं. तव्याची गोष्टही लिहिली. खाली नाव, 'चतुराबाई चंद्रभान पांचाळ, वेल्डिंग काम, पूर्णा.' आठ वेळा वाचून मग पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी बुधवारी ती वाचनालयात गेली तेव्हा तिथले बन्सीधर, जे अंक लावून ठेवायचे आणि सगळ्यांत आधी स्वतः वाचायचे, ते तिच्या डोळ्याला डोळा देईनात. "आजचा आंक नका नेऊ, बाई," ते म्हणाले. तिनं नेला.

पत्र छापलं होतं. चार पानांच्या सात ओळी झाल्या होत्या. वर चौकटीत मथळा होता, 'वेल्डिंगवाल्या काकूंचा विज्ञानाला जाहीर सवाल.' तिनं वर्गात शिकलेल्या शुद्ध भाषेत पत्र लिहिलं होतं. छापताना त्यातलं प्रत्येक वाक्य मुद्दाम गावठी करून घातलं होतं, तिनं न लिहिलेलं 'बया बया' सुद्धा. तांबं आणि बीड काढून टाकलं होतं. तवा आणि भाकरी तेवढी ठेवली होती. आणि खाली संपादकांची टीप होती. पत्र गमतीदार आहे, परंतु धातूंविषयीची त्यातली माहिती पाहता ते एखाद्या खोडकर इंजिनिअरानं बाईच्या नावानं लिहिलं असावं असा आमचा दाट संशय आहे.

तिनं चंद्रभानला सगळं वाचून दाखवलं. 'बया बया'वर ती अडखळली नाही. टीप वाचताना मात्र तिचा आवाज फाटला.

"म्हंजी बाई म्हनून हासायचं," ती म्हणाली, "आन जे हासन्यासारकं न्हाई ते बाईचं न्हाईच म्हनायचं. दोनी बाजूनं मीच कापली जायले."

चंद्रभाननं हात पुढं करून अंक मागून घेतला. मग म्हणाला, "गप बसू नको."

ती गप्प बसणार नव्हतीच. गावात मात्र चेष्टा सुरू झाली. हूक घेऊन आलेला माणूस विचारायचा, "इंजिनिअर सायब हायेत का?" दोघातिघांना तिनं काम न करता परत पाठवलं.

त्याच साली दिवाळीनंतर परभणीच्या एका व्याख्यानमालेत टाकळकर येणार असल्याचं बन्सीधरांनी तिला सांगितलं. अंक लपवायला बघितला याची त्यांना बोचणी असावी. चतुराबाईनं दुकान बंद ठेवलं. एका पिशवीत तीन तुकडे घेतले: एक लोखंडाचा, चीर सरळ आणि स्वच्छ, एक बिडाचा, कडा चिघळलेल्या, आणि तांब्याचा एक जाडजूड ठोकळा, तिनं अर्धा तास ज्योत धरूनही नुसता काळवंडलेला. चंद्रभानचा हात धरून ती पॅसेंजरमध्ये बसली. मिरखेल स्टेशन गेलं, तरी तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली नव्हती.

सभागृह भरलेलं होतं. टाकळकर बारीक, पांढऱ्या केसांचे, आवाज खाली ठेवून बोलणारे. व्याख्यान चांगलं झालं, असं चंद्रभान नंतर म्हणायचा. चतुराबाईच्या कानात काहीच शिरलं नव्हतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. तिनं लिहून दिला. अध्यक्षांनी चार चिठ्ठ्या वाचल्या, पाचवी उघडली, नाव बघितलं आणि हसले. "हे बघा, आपल्या प्रसिद्ध वेल्डिंगवाल्या काकू. म्हणजे जो कोणी इंजिनिअर असेल तो." सभागृह हसलं. अध्यक्षांनी चिठ्ठी न वाचता खाली ठेवली आणि सहावी उचलली.

चतुराबाई उठली. चंद्रभानचा हात सोडून ती मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठापाशी गेली आणि पिशवीतले तीन तुकडे लेखकापुढच्या टेबलावर मांडले. तांब्याच्या ठोकळ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी चतुराबाई पांचाळ," ती म्हणाली. "ह्ये मी कापलेलं लोखंड. ह्ये मला न कापता आलेलं तांबं. हातावरचे डाग बगायचे आसतील तर बगा. इंजिनिअरला डाग नसतेत."

तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे ठिपके होते. कुणी हसलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, वेळ कमी आहे."

"मला एकच इचारायचंय," ती टाकळकरांकडं वळून म्हणाली. "तुमी लिवलं की सूर्याच्या पोटात बुडवलं तरी लाल न्हाई झालं. मग तेजशूळानं कसं कापलं? तेजशूळ सूर्यापेक्षा मोटा हाय, आसं तरी लिवायचं. न्हाई तर त्या धातूत कायतरी खोट हुती, आसं तरी. कायच न्हाई लिवलं. आमी दोघं वरीसभर भांडलो त्येच्यावर. आमाला येडं केलं तुमी."

टाकळकरांनी तांब्याचा ठोकळा उचलून बघितला. काळ्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खरं सांगू का बाई? साप्ताहिकानं कळवलं, गोष्ट दोन भागांत संपवा, जागा दुसऱ्याला द्यायची आहे. मला शेवट सुचेना. म्हणून कापून टाकलं."

"सुचंना तर तसं लिवायचं. सुचलं न्हाई म्हनून."

"तसं कुणी छापत नाही."

"आन मग आमाला काय वाटलं, ते कोन छापनार? मला इंजिनिअर केलं तुमच्या संपादकानं."

टाकळकरांनी ते पत्र पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्यांनी अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी घड्याळाकडं. मग टाकळकर खुर्ची सरकवून कडेला आले आणि म्हणाले, "तुम्ही असता तर कसं संपवलं असतं?" तिनं तव्याची गोष्ट सांगितली. गड तसाच, भिंतीला ओरखडा नाही, आणि आतली माणसं तापलेल्या भिंती सोसवेनात म्हणून दार आतून उघडून बाहेर. टाकळकरांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं, दोनदा विचारलं. चंद्रभान आपल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाला, "नाव बी लिवून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. निदान तसं दिसलं तरी.

दोन वर्षांनी गोष्टीचं पुस्तक निघालं. लेखकानं एक प्रत पोस्टानं पाठवली. बुधवार नव्हता, तरी चतुराबाईनं काम थांबवलं, हात पुसले आणि पुस्तक शेवटच्या पानांपासून वाचायला घेतलं. शेवट बदलला होता. तेजशूळ थकतो, अभंगलोह तसंच उभं राहतं, दार आतून उघडतं. तव्याची उपमासुद्धा होती. चंद्रभान लहान पोरासारखा हसला. "पयल्यापासून वाच आता," तो म्हणाला. ती पहिल्या पानावर गेली. लेखकाचं मनोगत होतं. मोठ्यानं वाचू लागली: "या कादंबरीचा शेवट मला ज्यांच्यामुळे गवसला, ते पूर्णा येथील कुशल कारागीर श्री..."

ती थांबली. पुढचं नाव तिनं लग्नाच्या बावीस वर्षांत उखाणा सोडून कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

"कोन?" चंद्रभाननं विचारलं.

"चंद्रभान पांचाळ," ती म्हणाली.

 मग चंद्रभान उठून उभा राहिला, भिंत चाचपत पार दारापर्यंत गेला आणि परत आला. चतुराबाईनं त्याला इतकं चिडलेलं त्याआधी बघितलं नव्हतं. "मी त्या सभेत तीन शब्द बोललो," तो म्हणाला. "तीन का चार. आन मी तर तेजशूळाच्या बाजूचा." मग म्हणाला, "कागद घे. मी सांगतो तसं लिव."

"तुमीच लिवलं आसं दिसायला पायजे. न्हाई तर परत म्हनतील, बाईच लिवायली."

म्हणून त्यानं स्वतः लिहिलं. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, दहा वर्षांत अक्षर काढलेलं नाही, समोरचा कागद दिसत नाही. चतुराबाईनं कागदावर पट्टी धरली, तो पट्टीच्या वरून चाचपत लिहीत गेला. ओळी तिरक्या गेल्या, काही शब्द एकमेकांवर चढले. मजकूर एवढाच होता: 'तो मी नाही. शेवट माझ्या बायकोचा. तिचं नाव तुम्ही लिहून घेतलं होतं. चुकीचं नाव छापून तुम्ही मला चोर केलं.'

टाकळकरांचं उत्तर महिन्याभरात आलं. माफी मागितली होती, आणि मनापासून मागितली होती असं वाटत होतं. हस्तलिखितात आपण तिचंच नाव घातलं होतं, छपाईच्या वेळी कुणीतरी 'दुरुस्त' केलं, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या आवृत्तीत बदलू. पण पुढची आवृत्ती निघेल असं वाटत नाही, पुस्तक फारसं खपलेलं नाही, हेही लिहिलं. आणि खाली, 'आपल्याला जिथे प्रत दिसेल तिथे ही चूक सुधारण्यास माझी पूर्ण संमती आहे.'

हे शेवटचं वाक्य लेखकानं बहुधा सौजन्य म्हणून लिहिलं असावं. चतुराबाईनं ते अक्षरशः घेतलं.

पहिली प्रत पूर्णेच्या वाचनालयातली. तिनं बन्सीधरांसमोर पुस्तक उघडलं, 'श्री. चंद्रभान'वर पट्टीनं सरळ रेघ मारली आणि वर बारीक, नीट अक्षरात 'चतुराबाई चंद्रभान' लिहिलं. 'कारागीर' तसंच ठेवलं. "बाई, वाचनालयाचं पुस्तक हाय," बन्सीधर म्हणाले. तिनं टाकळकरांचं पत्र पुढं केलं. बन्सीधरांनी ते वाचलं, टेबलाच्या खणातून शिक्का काढला आणि रेघेच्या बाजूला वाचनालयाचा शिक्का उमटवून दिला. म्हणाले, "आता कोन काय म्हनत न्हाई."

मग परभणी. मग एसटीनं गंगाखेड. तिथल्या ग्रंथपालानं पुस्तक हातात द्यायला नकार दिला, सभासदत्व नाही म्हणून. ती दिवसभर त्याच्या टेबलासमोर बाकावर बसून राहिली. साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका ओळखीच्यानं आपल्या कार्डावर पुस्तक काढून दिलं तेव्हा कुठं रेघ मारली. पालमला पुस्तकच नव्हतं. तिनं विनंतीअर्ज दिला, की ते मागवावं, आणि मागवल्यावर मला कळवावं. चंद्रभान प्रत्येक खेपेला बरोबर असायचा. रेघ मारताना पट्टी तोच धरायचा.

काहींना हा बाईचा हट्ट वाटला. पुस्तक कोण वाचतंय, मनोगत तर कुणीच वाचत नाही, असं तिला समजावून सांगणारे भेटले. ती त्यांना म्हणायची, "कुनी वाचत न्हाई तर मग खरं लिवाया काय जातंय?"

चौऱ्याण्णव सालापर्यंत तिनं अकरा प्रती दुरुस्त केल्या होत्या. दुकानाच्या पाटीवर आता 'चतुराबाई पांचाळ, वेल्डिंग व गॅस कटिंग' असं होतं आणि मिस्त्री कुठं आहेत असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. टाकळकरांनी मध्यंतरी नवी गोष्ट लिहिली, समुद्राखालच्या एका शहराची, तीही त्यांनी तिला पाठवली. चंद्रभाननं बुधवारी दोनदा आठवण केली, ती तरी वाच. चतुराबाईनं पुस्तक फळीवर ठेवलं होतं, पान न उघडता.

"नांदेडच्या वाचनालयात दोन प्रती हायेत म्हने," ती म्हणाली. "आदी त्या हू द्या."